डागवाले काकाजींची काळी-पिवळी

हिंगणघाटात मला भाड्याची खोली मिळाली ती एका अटीवर. घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, अंडी खातो का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी माझ्या मोटरसायकलीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, मडगार्डवरच्या चिखलाची चिमूट घेतली, बोटांवर चोळली, उन्हात धरली आणि सोनाराने बांगडी पाहावी तशी पाहत म्हणाले,

"समुद्रपूरकडून येऊन राह्यला का बावा?"

"हाव जी."

"मधात मुरमाचा रस्ता लागला असन."

"लागला."

"खोली तुही. पन गाडी धुवाची नाई."

भिंतीला खिळा ठोकू नका म्हणणारे घरमालक मी पाहिले होते. नळ जोरात सोडू नका म्हणणारे पाहिले होते. एकाने तर जिना चढताना श्वास हळू घ्या, वरच्या माळ्यावर कबूतर अंड्यावर बसलंय, असं सांगितलं होतं. पण दुसऱ्याच्या गाडीच्या चिखलावर हक्क सांगणारा मालक अख्ख्या वर्धा जिल्ह्यात हा एकच. मी अट मान्य केली. माझं काम गाड्यांच्या विम्याच्या सर्व्हेचं. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कुठे किती चेमटलं ते ठरवायचं. हे कळल्यावर घरमालकांनी, म्हणजे काकाजींनी, माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हे मला दत्तकच घेणार.

"म्हंजे तू रोज डेंट पाह्यतं?"

"रोज."

"लेका, नशीबवान आहेस तू!"

आता सांगतो ते सगळं खरं आहे. मी वाढवून सांगतो अशी माझी बदनामी आहे, पण काकाजींच्या बाबतीत वाढवायला जागाच नाही. वाढवायचं ते सगळं देवाने आधीच वाढवून ठेवलं होतं.

गावात त्यांना 'डागवाले' म्हणत. त्यांचं बाजारपेठेत ड्राय क्लीनिंगचं दुकान होतं. उभी हयात त्यांनी आणि काकूजींनी लोकांचे डाग काढले. नवरदेवाच्या शेरवानीवरची हळद, वकिलाच्या काळ्या कोटावरचं दही, पुढाऱ्याच्या खादीवरचं काय काय. पॅन्टवरचा तर्रीचा डाग पाहून काकाजी सांगत की पोहे कोणत्या टपरीवर खाल्ले आणि खाताना मागून कोणी हाक मारली होती का. दुकान पोराने हाती घेतलं तेव्हा काकाजी गल्ल्यावरून उठले, दोन्ही हात जोडून म्हणाले, "आयुष्यभर डाग काढले. आता लावतो." आणि घरी येऊन त्यांनी समोरच्या खोलीत दुकान मांडलं. विकायचं नाही, नुसतं मांडायचं.

छंद छोट्या गाड्यांचा. खऱ्या गाडीची हुबेहूब, तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती. जगात हा छंद करणारे पुष्कळ आहेत. ते गाडी अशी रंगवतात की बॉनेटमध्ये भांग पाडावा. काकाजींना अशा गाडीचा संताप यायचा.

"ते गाडी नोहे. ते मिठाईचा डबा होय. जिथं गाडी गेली तिथली माती तिच्या चाकात दिसली पायजे. नवी गाडी कोनीबी रंगवते, जुनी होऊ द्याले अक्कल लागते."

त्यांच्या कपाटातल्या एकाही गाडीला धड रंग नव्हता. सिंदीच्या रेल्वे यार्डातून परतलेला ट्रक काजळी खाऊन उभा. आष्टीच्या बाजारातून आलेली पिकअप, मागे शेणाचे शिंतोडे, त्यातच बकरीच्या लेंड्या. लेंड्या म्हणजे जिऱ्याचे अर्धे दाणे, काळे रंगवलेले. सरकीच्या तेलाचा टँकर, झाकणाखालून ओघळलेला, ओघळावर धूळ बसलेली, धुळीत कोणीतरी बोटाने बदाम काढलेला. धूळ खरी असायची. मलमलीतून गाळलेली, गावागावाची वेगळी, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेली. गंजाची पापडी उचकटल्यासारखी दिसावी म्हणून ते ओल्या रंगावर मीठ टाकत, वरून दुसरा रंग मारत आणि वाळल्यावर मीठ झाडून घेत. त्यामुळे त्या घरात कधी वरणात मीठ नसे, आणि कधी ट्रकला जास्त होई.

आणि गंमत बघा, हे सगळं करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, इस्त्री इतकी कडक की बाहीवर माशी बसली तर घसरून पडायची. ॲप्रन नाही, फडकं नाही. काजळी, तेल, गंज, माती यांच्यात दिवसभर बसून ते उठत तेव्हा अंगावर ठिपका नसायचा. मी पाहिलेला हा एकमेव रंगारी, ज्याच्यापेक्षा त्याचं चित्र मळकं होतं.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत ठरलेली होती. पाहुणा आला की त्याला कपाटासमोर बसवायचं आणि आपण पेपर वाचायचं सोंग करायचं. पाहुणा थोडा वेळ इकडेतिकडे बघायचा, मग त्याचा हात आपोआप एखाद्या गाडीकडे जायचा. कोणी फुंकर मारायचा, कोणी बाहीने पुसायचा. पुसलं की पेपरामागून आरोळी यायची, "पास!"

पास पाहुणा नाही, गाडी. जो पुसायला धावला त्याने गाडी पास केली, असा हिशेब. मग चहा. विजेचं मीटर वाचायला येणारा गडी एकदा ट्रॅक्टरवर फुंकर मारून चहा पिऊन गेला. तेव्हापासून तो दर महिन्याला यायचा, मीटर न पाहताच आत शिरायचा आणि दिसेल त्या गाडीवर गाल फुगवायचा. शेवटी काकाजी वैतागले. "फुकनी खोटी आहे तुही. दिलातून फुंकजो, चहासाठी नोको!"

माझ्या मोटरसायकलीचीही त्यांनी प्रतिकृती केली, चिखलासकट. खरी गाडी वर्षभर धुतली नव्हतीच. मला पाहायला मुलीचे वडील आले, तेव्हा मी रात्रीतून गाडी धुवायचं ठरवलं होतं, पण काकाजींनी किल्ली काढून घेतली. मुलीच्या वडिलांनी दारातली ती मातीची मूर्ती पाहिली आणि आत येऊन म्हणाले, "पोरगा फिरतीवर मेहनत करून राह्यला, गाडीवरच दिसते." लग्न जमलं. म्हणजे माझा संसार उभा आहे तो चिखलावर.

पण अख्खं हिंगणघाट पास करत असताना एक परीक्षक मात्र काकाजींना कधी पास करत नव्हता. घरातच. काकूजी.

काकूजींच्या माहेरीही हाच धंदा. डाग ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुकानात काकाजींना जो डाग हरवायचा, तो काकूजींकडे जायचा आणि तिथे डाग हरायचा. त्या कपाटाकडे कधी फिरकत नसत. स्वयंपाकघरातून बाहेर येताना पदराला हात पुसता पुसता, चार हातांवरून एक नजर टाकायच्या आणि बाईंनी वहीवर फुली मारावी तसा निकाल द्यायच्या.

"खोटा हाये."

"काऊन खोटा?"

"खऱ्या डागाले कड असते. मधात फिका, कडेले गर्द. तुमचा तर सारवल्यावानी एकसारका हाये."

काकाजी महिनाभर खपून कड आणायचे. काकूजी पुन्हा तशाच हात पुसत यायच्या.

"आता का झालं?"

"थुंकीचा ओघळ सरळ खाली काऊन आला जी? गाडी उभी होती का? चालत्या गाडीतून थुकलं तं ते मांगं जाते."

काकाजी हे ऐकून अन्न सोडायचे. म्हणजे एका जेवणापुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हायवेला उभे राहून जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या थुंकण्याचा अभ्यास करताना दिसायचे. थोडे जवळ उभे राहायचे, पण शर्ट पांढराच घेऊन परत यायचे.

एका हिवाळ्यात नागपूरला अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं मी ऐकलं आणि काकाजींना घेऊन गेलो. त्यांनी एक पांढरी सरकारी गाडी नेली होती. बॉनेटवर झेंड्याची काठी वाकलेली, मागच्या काचेवर धूळ, धुळीतून वायपरने काढलेला अर्धा चंद्र. हॉलमध्ये शिरलो तर डोळे दिपले. टेबलावर टेबलं, त्यावर काचेच्या पेट्या, पेट्यांत लाल, निळ्या, चांदीच्या गाड्या, एकेक अशी की आत आपलं तोंड दिसावं. दारावर जॅकेट घातलेले एक गृहस्थ नावं घेत होते. प्रदर्शनाचे मुख्य तेच आणि बक्षीस ठरवणारेही तेच. त्यांनी काकाजींची गाडी दोन बोटांत उचलली, नाकाजवळ नेली, बोटं रुमालाला पुसली आणि फार प्रेमाने म्हणाले,

"काका, गाडी छान आहे. पण अशी कशी ठेवणार टेबलवर? घरी नेऊन धुवून आणा. पुढच्या वर्षी नक्की घेऊ."

धुवून आणा! हे कोणाला? ज्याच्या दुकानात अर्धा तालुका धुवायला टाकत होता, त्याला! काकाजींनी गाडी खिशात घातली. परतताना जाम गावाच्या चौरस्त्यावर थांबलो. तिथे चहा घेतला तो बशीत ओतून तसाच ठेवला.

"ते पुसाले धावले नाईत," ते शेवटी म्हणाले. "त्यायनं मले पुसाले सांगतलं. फरक हाये लेका."

घरी आल्यावर काकूजींनी विचारलं, "काय म्हने नागपूर?" काकाजी म्हणाले, "धुवून आना म्हने." काकूजी पदराला हात पुसत आत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी एकही फुली मारली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काळी-पिवळी सुरू झाली.

काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची सवारी जीप. खाली काळी, वर पिवळी, आत बसायच्या जागेच्या दुप्पट माणसं, टपावर बोचकी, आणि मागच्या शिडीवर जे लटकलेले असतात ते मोजायचे नसतात. काकाजींनी नागपूरहून एक लालभडक परदेशी खेळण्यातली जीप आणली. काकूजींच्या लोणच्याच्या बरणीत रंग काढायचं औषध ओतून तिला आत सोडली. जीप नागडी होऊन बाहेर आली. बरणी पुन्हा लोणच्याच्या कामाची राहिली नाही, तरी काकूजी बोलल्या नाहीत. टपावरचं कॅरिअर दुकानातल्या हँगरच्या तारेचं. सीट फाटक्या पर्सच्या रेक्झिनची, फाटलेल्या शिवणीतून स्पंज डोकावणारा. समोर लिंबू-मिरची टांगलेली, लिंबू म्हणजे पिवळी मोहरी, मिरच्या म्हणजे झाडूच्या काड्या. फुटलेल्या मागच्या दिव्यावर लाल पन्नी बांधलेली. कॅरिअरच्या तारेत अडकलेला कापसाचा एक पुंजका, हंगामात हिंगणघाटातून फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला असतो तसा.

नमुना म्हणून शेजारच्या ड्रायव्हरभाऊंची खरी काळी-पिवळी. तिलाही माझ्या मोटरसायकलीचीच अट. दसऱ्याला ड्रायव्हरभाऊ बादली घेऊन निघाले तर काकाजी आडवे झाले. गाडीला हार तसाच मातीवर चढला.

"काकाजी, सवाऱ्या पांढरे कपडे घालून बसतेत अन् काळ्या होऊन उतरतेत! काय सांगू मी त्यायले?"

"माह्या पोराच्या दुकानात पाठव."

आणि खरंच, त्या वर्षी दुकान असं चाललं की पोराने बापाच्या छंदाला पहिल्यांदा नमस्कार केला.

वर्षभर काकाजींनी त्या गाडीवर नुसता रंग नाही चढवला, प्रवास चढवला. वेणा नदीकाठची काळी माती चाकांत, त्यावर मुरूम, त्यावर हायवेची राखाडी धूळ, ज्या क्रमाने गाडी जाते त्याच क्रमाने. ड्रायव्हरच्या दाराची कड कोपर घासून उघडी पडलेली. खर्ऱ्याचा ओघळ दारापासून मागे गेलेला, वाऱ्याने फाटलेला, कड गर्द, मध फिका. या खेपेला दिवाळीच्या तोंडावर प्रदर्शन होतं. आता फक्त शेवटचा हात राहिला होता. सगळी माती, सगळी धूळ जागच्या जागी बसवणारा, चमक नसलेल्या वार्निशचा हात. तोपर्यंत ती धूळ नुसतीच टेकलेली होती. जोरात शिंकलं तर वर्ष उडून जाईल अशी.

परवा नागपूरला निघायचं आणि वार्निशचा डबा संपलेला. काकाजी तो आणायला बाजारात गेले. जाताना गाडी उन्हाला म्हणून समोरच्या खोलीत स्टुलावर ठेवली आणि मला म्हणाले, "इकडं कोनाले येऊ देजो नोको." मी दारात रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसलो. बाहेरून कोणी आलं नाही, मी छातीठोकपणे सांगतो. येणारी व्यक्ती आतून आली.

घरात दिवाळीची सफाई चालली होती. माळ्यावरची भांडी उतरली होती, गाद्या उन्हात होत्या, धुळीचे लोट उडत होते. काकाजी वार्निश घेऊन दारात आले आणि थबकले. मी वळून पाहिलं.

स्टुलावर काळी-पिवळी झगमगत होती. काळा काळा, पिवळा पिवळा. चाकं अशी की आत टाकून शिकरण खावी. शेजारी साबणाच्या पाण्याचं भगोनं, त्या पाण्यात वेणा, मुरूम, हायवे, सगळा जिल्हा तळाला बसलेला. आणि काकूजी, हातात फडकं, कपाळावर घामाचे थेंब, तोंडभर हसू.

"पाह्या! कशी लखलख केली!"

काकाजी खाली बसले. तसेच, जिथे होते तिथे, सफाईतल्या चुन्याच्या भुकटीत. पांढऱ्या पॅन्टवर पहिल्यांदा डाग पडला. तो पाहिला तेव्हा काकूजींचं हसू गेलं.

"अवो, का झालं? मागच्या खेपेले नागपूरवाल्यानं धुवून आना म्हनलं होतं न तुमाले? म्हनून मी धुतली. पुन्हा कोनी म्हनू नये तुमाले तसं. येवढी धूळ बसली होती तिच्यावर, माळ्यावरची."

"माळ्यावरची?" काकाजींचा आवाज विहिरीतून आला.

"मंग? तुमची रंगवलेली घान मले मालूम हाये. ते मी दुरून ओळखतो. हे तं खरी होती."

मग काकाजींची मान हळूहळू वर आली.

"कशी होती म्हनलं?"

"खरी."

"कड होती?"

"होती. मधात फिका, कडेले गर्द. अन् खर्ऱ्याचा ओघळ…" काकूजी थांबल्या. त्यांनी भगोन्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. हातातलं फडकं खाली पडलं. "अगो माय! तुमी लावला होता का जी?"

"पास!" काकाजी ओरडले. अशी आरोळी की समोरच्या कापसाच्या जिनिंगमधले हमाल गठाणी टाकून बाहेर आले. "पास! पास झालो बे! हिनं पुसली!" ते उठले आणि त्या चुनकट पॅन्टनिशी खोलीभर नाचले. मी पुढे अनेकांना परीक्षेत पास होताना पाहिलं, डॉक्टर होताना पाहिलं, एकाला आमदार होताना पाहिलं. तो आनंद कोणाच्याही तोंडावर दिसला नाही.

नाच संपल्यावर गाडीकडे लक्ष गेलं. वर्षाचं काम भगोन्यात होतं आणि परवा नागपूर.

"जाऊ दे," काकाजी म्हणाले. "माहा निकाल लागला. नागपूर गेलं उडत."

पण आता काकूजी जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या बाईला उभ्या आयुष्यात डागाने फसवलं नव्हतं, तिला आज एका डागाने फसवलं होतं, आणि तेही घरच्या.

"सरका," त्या म्हणाल्या. पदर खोचला. "तुमचा डाग निंगाला. साबनात निंगाला. असा लावाचा असते का डाग? मी लावतो. निंगत नाई तो कोनता, हे डाग काढणारीलेच मालूम राह्यते."

मग त्यांनी जे केलं ते कोणत्याही नागपूरवाल्याच्या पेटीत नव्हतं. त्यांनी हळद कालवली आणि तिच्यात चुना टाकला. हळद लालबुंद झाली आणि पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसली ती थेट गंज होऊन. केळीच्या बुंध्याचा चीक आणला. कपड्याला लागला तर कपडा फाटतो पण चीक निघत नाही, तो मडगार्डखाली गेला. आणि शेवटी बिब्बा. जुने धोबी कपड्यावर कोणाचा कोणता याची खूण बिब्ब्याने करत. कपडा विरून जातो, खूण विरत नाही. हातांना तेल चोळून, तार तापवून काकूजींनी बिब्बा टोचला आणि त्याचा काळा रस इंजिनाच्या खाली, डिझेलच्या टाकीखाली, दाराच्या बिजागरीखाली असा सोडला की गाडीला खरोखर गळती लागली.

काकाजी शेजारी बसून मातीच्या डब्या देत होते.

"हे कोठची?"

"वेण्याची."

"ओली हाये. भाजा तव्यावर. मुरूम द्या. येवढा नोको, तुमी रस्ता बांधून राह्यले का?"

दोन माणसं इतकी वर्षं एका घरात राहिली, एका दुकानात बसली, पण त्या दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा एकत्र पाहिलं. वार्निशचा शेवटचा हात काकाजींनी मारला, पण ब्रशावर किती घ्यायचं ते काकूजींनी सांगितलं.

नागपूरला आम्ही खऱ्या काळी-पिवळीतून गेलो. ड्रायव्हरभाऊंनी दोन्ही बाजूंनी भरतील तेवढ्या सवाऱ्या भरल्या, आणि काकूजींच्या मांडीवर छोटी काळी-पिवळी. वाटेत हवालदाराने थांबवलं. खिडकीतून डोकं आत घातलं, माणसं पाहून मान हलवली, मग मांडीवरची गाडी पाहिली आणि म्हणाला, "हेबी ओव्हरलोडच दिसते." आमच्या सगळ्यांचा दंड त्याने त्या आनंदात माफ केला. विश्वास ठेवा वा ठेवू नका, ड्रायव्हरभाऊ साक्षीला आहेत.

दारावर तेच जॅकेटवाले. त्यांनी काकाजींना ओळखलं आणि पुन्हा तेच गोड हसले. गाडी दोन बोटांत उचलली. बोटांकडे पाहिलं. बोटं स्वच्छ. गाडीकडे पाहिलं. गाडी घाण. पुन्हा बोटं पाहिली. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली, काचेच्या पेटीविना, उघडी.

काकाजी टेबलाच्या एका टोकाला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. काकूजी दुसऱ्या टोकाला, हाताची घडी घालून. पहिली आली हॉल झाडणारी बाई. फडकं ओलं करून तिने टपावर फिरवलं. "अजून घासा," काकूजी म्हणाल्या. बाईने घासलं, फडकं पाहिलं, ते कोरंच, डोकं खाजवत गेली. मग एक कॉलेजची पोर फुंकर मारून गेली. मग एका काचेच्या पेटीचा मालक आपली गाडी सोडून आला, नखाने खर्ऱ्याचा ओघळ खरवडून पाहिला आणि नख तुटलं म्हणून बघत राहिला. हळूहळू त्या चकचकीत गाड्यांसमोर कोणी उरलं नाही. सगळा हॉल आमच्या टेबलापाशी, आणि काकाजी प्रत्येक फुंकरीला ओठातल्या ओठात पुटपुटत होते, "पास. पास. पास."

शेवटी जॅकेटवाले आले. इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही असं समजून (सगळे बघत होते) खिशातून रुमाल काढला, त्याला जिभेने ओलं केलं आणि डिझेलच्या टाकीखालचा ओघळ पुसला. पुसला. दाबून पुसला. कपाळाला घाम आला.

"अहो, हे निघत नाही हो!"

काकूजींनी घडी सोडली नाही.

"माह्या हातचा डाग हाये, साहेब. कसा निंगन?"

त्यावर जो हशा आणि ज्या टाळ्या पडल्या, त्या मी सीताबर्डीपर्यंत ऐकू गेल्या असं सांगत नाही. पण ड्रायव्हरभाऊ बाहेर गाडीत झोपले होते, ते उठून आत आले एवढं मात्र खरं. पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा काकाजींचं नाव पुकारलं. काकाजी हलले नाहीत. त्यांनी काकूजींना पुढे ढकललं. काकूजींनी काकाजींना. शेवटी त्या पितळी ट्रॉफीचा एक कान यांनी धरला, एक कान त्यांनी.

पुढे माझी बदली झाली. परवाच, पुष्कळ दिवसांनी, हिंगणघाटला गेलो. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत कोणी नव्हतं. कपाटाच्या मधल्या खणात ट्रॉफी ठेवलेली आणि तिच्याकडे पाहून मला वाईटच वाटलं. केवढी ती चकचकीत ट्रॉफी, पण कोणी लक्ष देत नव्हतं. कानांना हिरवा गंज चढला होता, बुडाशी कोळिष्टकं, एका बाजूने पालीने घाण केलेली, वर बोटभर धूळ. म्हातारी माणसं, किती पुरे पडणार, असं मनात म्हणत मी खिशातून रुमाल काढला आणि पुढे होऊन ट्रॉफी पुसली.

रुमाल कोरा.

"पास!"

आरोळी स्वयंपाकघरातून आली, आणि आवाज काकाजींचा नव्हता.